कढई मावते का?

डिशवॉशर घ्यायला दुकानात जाताना घरातली सगळ्यात मोठी कढई आणि रोजचं भाताचं पातेलं पिशवीत घालून न्यावं. विक्रेता जरा चमकतो, शेजारचं गिऱ्हाईक हसतं. हसू द्यावं. माहितीपत्रकं वाचून आणि व्हिडिओ बघून जे आठवडाभर कळत नाही, ते कढई खालच्या जाळीत ठेवून जाळी आत सरकवली की अर्ध्या मिनिटात कळतं. जाळी आत जाते का, गेली तर वरच्या जाळीखालचा फवाऱ्याचा पंखा कढईच्या कानाला अडतो का, आणि कढई ठेवल्यावर बाकीच्यांना जागा किती उरते, हे सगळं तिथल्या तिथे दिसतं.

दुकानातलं यंत्र नेहमी पांढऱ्याशुभ्र सपाट प्लेटांनी सजवलेलं असतं. प्लेटा दात्यांच्या रांगेत उभ्या, वर कप आणि काचेचे ग्लास, एका कोपऱ्यात काटे-चमचे. वाटी नाही, फुलपात्र नाही, झारा तर नाहीच. ‘मॅडम, तेरा प्लेस सेटिंग आहे, तुमच्या चौघांना भरपूर झालं,’ असं तो सांगतो, आणि आपण तेराला चाराने भागून मनातल्या मनात खूश होतो.

हे तेराचं प्रकरण आधी समजून घ्यायला हवं. प्लेस सेटिंग म्हणजे युरोपातल्या एका माणसाच्या जेवणाची भांडी. जेवणाची सव्वीस सेंटिमीटरची प्लेट, सूपची खोलगट प्लेट, गोडाची छोटी प्लेट, कपबशी, ग्लास, सुरी, काटा आणि तीन तऱ्हेचे चमचे. असे बारा-तेरा संच, शिवाय वाढायची थोडी भांडी, एवढं यंत्रात बसलं की तो आकडा दारावर लागतो. धुण्याची चाचणीही त्याच भांड्यांवर होते. प्लेटांना आणि कपांना अंड्याचा बलक, ओटची लापशी, खिमा, पालक, दूध, चहा आणि मार्गारिन माखायचं, ते वाळू द्यायचं, मग यंत्र लावायचं. या यादीत हळद नाही, फोडणी नाही, बेसन नाही, भाताची पेजही नाही. म्हणून चाचणी लुटुपुटूची ठरत नाही. वाळलेला बलक आणि वाळलेलं पिठलं चिवटपणात सख्खे भाऊ आहेत. पण त्या चाचणीत बलक सपाट प्लेटवर असतो आणि आपलं पिठलं कढईच्या बुडाशी.

खरी अडचण भांड्यांच्या आकाराची आहे. युरोपातली प्लेट चपटी, ती दोन दात्यांमध्ये उभी राहते आणि शेजारणीला खेटत नाही. आपल्या ताटाला उभा काठ असतो. एका खाचेत ताट उभं केलं की काठ पुढच्या खाचेवर जातो, म्हणजे एका ताटाला दोन खाचा लागतात. वाटीचं दुखणं वेगळंच. ती हलकी, गोल आणि बिनकानाची. पालथी ठेवली तरी खालून फवारा लागला की कधीकधी उलटते, आणि धुणं संपल्यावर बघावं तर तळाशी साबणाचं पाणी घेऊन उताणी पडलेली. म्हणून वाट्या वरच्या जाळीत, तिरक्या आणि एकीचा काठ दुसरीला आधार देईल अशा लावाव्या लागतात. तिरकं ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे पेल्याच्या बुडाला खळगी असते. पेला सरळ पालथा घातला की त्या खळगीत पाणी साचून राहतं. तांब्या तर आत ठेवूच नये. त्याचं पोट मोठं, गळा अरुंद. बाहेरून लखलखतो आणि आतून कोरडाच राहतो.

ज्या बाईने हे यंत्र पहिल्यांदा चालेल असं बनवलं, तिने सुरुवातच जाळीपासून केली होती. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावची जोसेफिन कॉक्रेन. तिने आपल्या बशा, कप, प्लेटा मोजल्या, त्या मापाने तारेचे कप्पे केले, ते एका चाकावर बसवले आणि चाक तांब्याच्या बॉयलरमध्ये ठेवून त्यावर गरम साबणाच्या पाण्याचा मारा केला. 1886 साली तिला पेटंट मिळालं, 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं गाजली, आणि पुढे तिची गिऱ्हाइकं झाली ती मुख्यतः हॉटेलं. सांगायचा मुद्दा असा, की कप्पे तिच्या घरातल्या भांड्यांच्या मापाचे होते. आपल्या घरात येणारं यंत्र मात्र दुसऱ्याच कुणाच्या भांड्यांच्या मापाचं असतं, आणि ब्रँडची तुलना करताना नेमकं हेच कुणी बोलत नाही.

भारतात हे यंत्र फार वर्षं श्रीमंतांच्या हौशीत मोडत होतं. 2020 च्या टाळेबंदीत सोसायट्यांनी कामाच्या बायकांना फाटकाबाहेर थांबवलं आणि महिन्याभरात मध्यमवर्गाला मोरीत साचणाऱ्या भांड्यांचा खरा आकार कळला. मग मागणी अशी उसळली की दुकानांतून यंत्रं मिळेनात. माझ्या नात्यागोत्यात बहुतेकांकडे यंत्र आलं ते त्या सुमारास किंवा त्यानंतर. त्यामुळे वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या ब्रँडच्या जाळ्या भरायला मिळाल्या. पाहुणी म्हणून गेले की जेवण झाल्यावर मीच म्हणते, ‘थांबा, आज मी लावते.’

स्वच्छतेच्या बाबतीत म्हणाल तर चांगल्या ब्रँडांमध्ये जाहिरातीत दाखवतात तेवढा फरक मला दिसला नाही. स्टीलचं भांडं, साठ-सत्तर अंशांचं पाणी आणि नीट पावडर असली की वरण-भात सगळीकडे निघतो. बॉश आणि सिमेन्स ही एकाच घरातली भावंडं. बॉशने भारतातल्या यंत्रांमध्ये सत्तर अंशांचा एक प्रोग्रॅमच कढईच्या नावाने दिला, आणि विक्रीच्या दृष्टीने तो मोठा शहाणपणा होता. एलजीच्या खालच्या पंख्याला दोनऐवजी चार हात असतात, ते दोन्ही दिशांनी फिरतात, वरच्या काही मॉडेल्समध्ये वाफही असते. आयएफबी भारतीय कंपनी, गोव्यात वेर्ण्याला तिचा कारखाना आहे. पावडर, मीठ, क्षार काढायचं औषध असं सगळं ती स्वतःच विकते आणि घरपोच आणून देते. टाटांच्या व्होल्टासने तुर्कस्तानच्या आर्चेलिकशी भागीदारी करून आणलेल्या व्होल्टास बेकोचं आठ सेटिंगचं यंत्र ओट्यावर बसतं. दोघांच्या घराला ते पुरतं, मात्र त्यात मोठी कढई गेली की बाकीच्यांनी बाहेर थांबायचं.

फरक पडतो तो जाळीत. खालच्या जाळीचे दाते आडवे पाडता येतात का? सगळे, की अर्धेच? सगळे पडत असतील तर पातेली, कुकरचे डबे, परात यांना सपाट मैदान मिळतं. वरची जाळी भरलेली असतानाही उचलून वर अडकवता येते का? ती दोन बोटं वर गेली की खाली मोठं पातेलं उभं राहतं. आणि ती तिसरी, सगळ्यात वरची चपटी ट्रे, जिच्यामुळे तेराचे चौदा सेटिंग होतात? ती काटे-सुऱ्यांसाठी असते. आपल्याकडे काटे किती? मी तिथे झारा, पळी, उलथनं, सांडशी आडवी घालते, त्यामुळे माझ्या दृष्टीने ती कामाची. पण ती वरच्या जाळीची उंची खाते, आणि उंच पेले वापरणाऱ्या घरात ती काढूनच ठेवावी लागते. लांब दांड्याची भांडी चमच्यांच्या डब्यात उभी कधी ठेवू नयेत. झारा वरून पंख्याला अडतो, नाहीतर दांडा जाळीतून खाली उतरतो आणि खालचा पंखा अडकवतो. मग दोन-अडीच तास यंत्र इमानेइतबारे आवाज करतं आणि भांडी तशीच. म्हणून जाळी भरली की दोन्ही पंखे हाताने एकदा गरकन फिरवून बघायचे, मगच दार लावायचं.

आत काय चालतं ते दिसत नाही, ऐकू मात्र येतं. आमच्याकडे यंत्र ड्राय बाल्कनीत आहे. भाजी निवडायला मी कधीकधी तिथेच स्टूल टाकते. आधी पाणी भरल्याची सूं-सूं, मग पंप सुरू होतो आणि पंखे फिरायला लागतात. पाणी स्टीलच्या भिंतीवर फेऱ्याफेऱ्याने आपटतं, त्याला एक ठेका असतो. वाटी हलत असेल तर ठेक्यात एक किणकिण मिसळते. पहिलं खळबळणं झालं की ते पाणी बाहेर जातं, नवं येतं, तापतं, आणि दाराच्या आतला पावडरचा कप्पा खट्‌कन उघडतो. इथून खरं काम. तळाशी जेमतेम तीन-चार लिटर पाणी असतं. तेच गाळून गाळून पुन्हा वर फेकलं जातं, आणि सगळ्या फेऱ्या धरून नेहमीच्या प्रोग्रॅमला दहा-बारा लिटर लागतं. पावडरीतली एन्झाइम्स भाताचा स्टार्च आणि डाळीचं प्रथिन तोडतात. त्यांना पन्नासएक अंशांवर निवांत वेळ लागतो. इको प्रोग्रॅम तीन-तीन तास चालतो तो त्यामुळेच. तिथे उष्णतेचं काम वेळ करतो. घाई असेल तर वीज जास्त मोजायची. नेहमीच्या फेरीला साधारण एक ते दीड युनिट जातं.

आपल्याकडे एक सवय आड येते, भांडं आधी स्वच्छ विसळून मग यंत्रात ठेवायची. खरकटं काढून टाकावं, ते बरोबरच. पण चकाचक विसळू नये. बऱ्याच यंत्रांत पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो. पाणी नितळ दिसलं की यंत्र समजतं, आज काम कमी आहे, आणि फेरी आवरती घेतं. मग विसळताना नजरेतून सुटलेला भाजीचा डाग तसाच राहतो.

गाळणी हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. खालची जाळी काढून तळातली गाळणी पिळून बाहेर घेतली की घरातल्या स्वयंपाकाचा पंचनामाच हातात येतो: मोहरी, कढीपत्त्याचा देठ, लिंबाची बी, खोबऱ्याचा कीस, टोमॅटोची साल. नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासली की दोन मिनिटांचं काम. परत बसवताना ती नीट फिरवून घट्ट करावी लागते. सैल राहिली तर हीच मोहरी पाण्याबरोबर वर जाऊन पंख्याच्या भोकांत बसते.

आता निकाल. चहाचं गाळणं असं निघतं की नवं वाटावं. पावडरीतल्या ऑक्सिजन-ब्लीचपुढे चहाचे डाग टिकत नाहीत. कपांच्या आतली तपकिरी वर्तुळंही जातात. तेला-तुपाची भांडी हाताने घासल्यापेक्षा चांगली निघतात, बोटाला ओशटपणा लागत नाही. दूध उतू जाऊन बाहेर वाळलेलं पातेलं निघतं. दूध करपलेलं पातेलं निघत नाही. कढईच्या पाठीवरचा वर्षानुवर्षांचा काळा थर कुठल्याही ब्रँडच्या कुठल्याही प्रोग्रॅमने निघत नाही. तो जळून घट्ट झालेल्या तेलाचा रोगण असतो, त्याला घासणी आणि मनगटच हवं. पिठल्याची कढई तासभर भिजवून ठेवली तर निघते. हळदीने रंगलेलं प्लास्टिकचं झाकण बऱ्याचदा अल्कलीमुळे आणखी लालसर होऊन बाहेर येतं. ते उन्हात ठेवलं की रंग उतरतो. काही स्वस्त मॉडेल्समध्ये यंत्राचा तळच प्लास्टिकचा असतो, तोही असाच पिवळा पडतो. आतून पूर्ण स्टील आहे का, हे म्हणून विचारून घ्यावं.

ॲल्युमिनियम आणि हिंडालियम आत घालायचं नाही, काळं पडतं. बिडाचा तवा घालायचा नाही, त्याचं मुरलेलं तेल धुऊन जातं आणि गंज चढतो. कल्हईची पितळी, तांब्याची भांडी, पोळपाट-लाटणं, नॉनस्टिक, सगळी बाहेर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, ‘ताई, कुकरचं झाकण त्यात टाकू नका, शिटीत घाण बसते.’ बरोबर होतं त्यांचं. म्हणजे मावशींचं काम संपलं नाही, बदललं. अवघड आणि नाजूक तेवढं त्यांच्याकडे, सोपं आणि भरपूर तेवढं यंत्राकडे. पगार कमी करायचा विचार कुणी करत असेल तर त्याने आधी करपलेलं दुधाचं पातेलं स्वतः घासून बघावं.

पाणी वाचतं का, हा प्रश्न हमखास येतो. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात रायनर स्टॅमिंगर यांच्या गटाने युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतल्या शंभरावर माणसांना बारा सेटिंगची भांडी हाताने धुवायला दिली, तेव्हा सरासरी शंभर लिटरच्या वर पाणी लागलं. कंपन्या हा आकडा आनंदाने सांगतात. पण मावशी आधी सगळी भांडी नळ बंद ठेवून घासून घेतात आणि मग एकदम विसळतात. त्यांचं पाणी कुणी मोजलेलं मी पाहिलं नाही. माझ्या अंदाजाने ते शंभरपेक्षा बरंच कमी भरेल आणि यंत्रापेक्षा बरंच जास्त.

पाण्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. खडकवासल्याचं पाणी मऊ, त्यामुळे पुण्याच्या जुन्या भागात काचेचे ग्लास यंत्रातून निघतात तसे चकचकीत राहतात. वाघोलीसारख्या भागात, जिथे टँकर आणि बोअरवेलवर सोसायट्या चालतात, तिथे तेच यंत्र ग्लासांवर पांढरी भुकटी सोडतं. यंत्राच्या तळाशी पाणी मऊ करणारी रेझिनची टाकी असते आणि तिला ताजी ठेवायला मीठ लागतं. हे मीठ जाडं आणि शुद्ध हवं. आपलं स्वयंपाकाचं बारीक मीठ घातलं तर टाकी तुंबते. आपलं पाणी किती जड आहे ते तपासून यंत्रावर तेवढी सेटिंग करायची असते. हे काम यंत्र बसवायला येणाऱ्या माणसाचं, आणि तो ते न करता सही घेऊन निघून जायच्या घाईत असतो. त्याला थांबवावं, पट्टी बुडवून दाखवायला सांगावं. पाणी फारच जड असेल तर नळालाच वेगळा सॉफ्टनर बसवण्याला पर्याय नाही.

दाबाचंही तसंच. बहुतेक यंत्रांना किमान अर्धा बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा पाचएक मीटर उंचावर हवं. शेवटच्या मजल्यावर, डोक्यावरच गच्चीतली टाकी असलेल्या घरात एवढा दाब मिळत नाही. यंत्र पाणी भरण्यातच थकतं आणि एरर दाखवतं. दोष ब्रँडचा नसतो. छोटा प्रेशर पंप लावला की काम सुरू.

स्वयंपाकघराच्या शोभेबद्दल लोक फार बोलतात, म्हणून थोडं बोलते. पूर्ण आकाराचं यंत्र साठ सेंटिमीटर रुंद, तेवढंच खोल आणि साधारण साडेचौऱ्याऐंशी सेंटिमीटर उंच. वरचं झाकण काढता आलं तर उंची तीनएक सेंटिमीटर कमी होते. आपल्या जुन्या ओट्यांची उंची कमी, त्यात कडाप्पा किंवा ग्रॅनाइटची जाडी आणि खालची पट्टी. तेवढ्या तीन सेंटिमीटरवर सगळा खेळ अडतो. ट्रॉलीच्या रंगाचं दार लावून ओट्यात लपवायचं यंत्र दिसतं सुंदर. पण त्यासाठी ट्रॉली करणारा, नळवाला आणि यंत्र बसवणारा, तिघं एकाच दिवशी एकाच घरात हजर लागतात. तो योग ज्यांच्या पत्रिकेत असेल त्यांनी जरूर करावं. बाकीच्यांनी सुटं यंत्र ड्राय बाल्कनीत ठेवावं. तिथे नळ असतो, सांडपाण्याची वाट असते, सोळा अँपियरचा पॉइंट काढणं सोपं जातं, आणि यंत्र चंदेरी आहे की काळं याची उठाठेव कुणी करत नाही. सांडपाण्याच्या नळीला आणि यंत्राच्या पोटाला मात्र जाळी बसवून घ्यावी. उंदीर नळ्या कुरतडतात.

राहिला खर्च. पूर्ण आकाराचं यंत्र चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास मिळतं. वड्या वापरल्या तर फेरीला पंधरा-वीस रुपये जातात. पावडर स्वस्त पडते आणि भांडी कमी-जास्त असतील तशी कमी-जास्त घालता येते, म्हणून मी पावडरच वापरते. चमक आणणारं द्रव आणि मीठ वेगळं.

माझा धाकटा दीर रत्नागिरीला असतो. त्याने कुठला ब्रँड घेऊ म्हणून फोन केला, तेव्हा मी त्याला म्हटलं, नाव नंतर ठरव, आधी तुझ्या गावात दुरुस्तीला कोण येतं ते विचार. त्याने चार ठिकाणी फोन लावले. त्याच्या मनात जे होतं त्याचा माणूस कोल्हापूरहून येणार होता, तोही आठवड्यातून एकदा. दुसऱ्या एकाचा माणूस माळनाक्याजवळच राहत होता. त्याच्या यंत्राची खालची जाळी अर्धीच सपाट होत होती, तरी दिराने तेच घेतलं. भाताचं मोठं पातेलं अजून हातानेच घासतात.